आमच्या सॉफ्टवेअरचा उतारा

हळदीच्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर चोरीला जातं असं सांगितलं की लोक आधी हसतात. त्यात चोरण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होतो. बाहेरच्या माणसाला खरंच काही दिसणार नाही. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर आणि खाली एक छापायचं बटण. पण सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे उरकले की पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे विक्रीच्या हिशेबाचे कागद, लगेच हातात लागतात, आणि पट्टीतल्या प्रत्येक ओळीचा आपला एक रिवाज असतो. हळकुंडाला एक हिशेब, गड्ड्याला दुसरा. तूट किती धरायची, हमाली कुणाच्या अंगावर, तोलाई कशी, खरेदीदाराचे पैसे ठरल्या मुदतीनंतर आले तर व्याज कुठल्या दिवसापासून मोजायचं. बेदाण्याचं तर सगळंच निराळं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. माझे वडील एका पेढीवर दिवाणजी होते, त्यांच्या डोक्यात ते होतं. त्यांनी खुर्चीत बसून सांगायचं, मी प्रोग्राममध्ये लिहायचं, मग त्यांनी जुनी वही उघडून चाळीस पैशांचा फरक दाखवायचा आणि मी पुन्हा सुरुवात करायची, असं करत ते सॉफ्टवेअर उभं राहिलं. कुणीतरी त्याच्या कॉप्या विकतंय हे कळल्यावर मी बरेच दिवस बाबांना काही सांगितलंच नाही.

पुढं मी त्याची कॉपीराइट नोंदणी केली आणि लायसनची पद्धत मुळापासून बदलली. दोन्ही कामांत जे जे करावं लागलं ते इथं लिहिते आहे. तालुक्याच्या गावात बसून दूध संस्थेचं, पतसंस्थेचं नाहीतर सराफाचं सॉफ्टवेअर लिहिणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

आधी कुलपांबद्दल. पहिली आवृत्ती व्हिज्युअल फॉक्सप्रो या प्रोग्राम लिहायच्या साधनात होती. मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोची शेवटची, नववी आवृत्ती २००४ साली काढली आणि २०१५ च्या जानेवारीत सपोर्ट पूर्ण थांबवला, तरी यार्डात कुठं कुठं ते आजही धावतंय. त्याची पंचाईत अशी की तयार फाइलमधून मूळ कोड जवळपास जसाच्या तसा बाहेर काढून देणारी साधनं मिळायची. कोडमध्ये पासवर्ड लपवण्यात काही अर्थच नव्हता. म्हणून डोंगल आणलं. यूएसबीत लावायची बोटाएवढी पिन, ती असेल तरच सॉफ्टवेअर चालणार. मराठी टायपिंगचं श्रीलिपीही डोंगल लावून यायचं, त्यामुळं व्यापाऱ्यांना त्याचं नवल नव्हतं. त्रास निघाला भलताच. दुकानातला पोरगा गाण्यांचा पेनड्राइव्ह लावायला डोंगल उपसायचा आणि खिशात घालून घरी जायचा. सकाळी शेठचा फोन, "मॅडम, तुमचं मशीन बंद पडलंय." २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा पेठेतल्या कॉम्प्युटरांबरोबर डोंगलंही गेली. गाळ उपसून झाल्यावर लोक नवीन मागायला आले. कुणाचं खरंच पाण्यात गेलं आणि कुणाला या निमित्तानं दुसऱ्या दुकानासाठी एक जास्तीचं हवं होतं, ते मी विचारलं नाही. त्या महिन्यात सांगलीत कुणी कुणाला असलं काही विचारत नव्हतं.

नंतर डोंगल सोडलं आणि मशीनला बांधलेली ‘की’, म्हणजे त्याच मशीनवर सॉफ्टवेअर उघडणारी अक्षरांची जुळणी, द्यायला लागले. सॉफ्टवेअरनं हार्डडिस्कचा क्रमांक वाचायचा, गिऱ्हाइकानं तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, त्यावरून मी की बनवायची. यात एक बारकावा आहे. विंडोज ड्राइव्हला जो क्रमांक देतं तो फॉरमॅट मारला की बदलतो आणि पाहिजे तसा लिहिताही येतो. कारखान्यात डिस्कला मिळालेला क्रमांक वेगळा असतो, तो फॉरमॅटनं जात नाही. पहिला वापरलात तर सरळ माणूस दर फॉरमॅटला अडकतो आणि लबाड सुटतो. दुसरा वापरलात तर डिस्क खराब झाली की सरळ माणूस अडकतोच, पण निदान वारंवार नाही.

आणि की बनवायचं सूत्र सॉफ्टवेअरच्या पोटातच ठेवलं तर आज ना उद्या कुणीतरी ते वाचून कीजेन, म्हणजे खोट्या की बनवणारा प्रोग्राम, काढतंच. त्यावर उपाय म्हणजे डिजिटल सही, आरएसए पद्धतीची. सही करायची खासगी किल्ली माझ्या घरी, सॉफ्टवेअरमध्ये फक्त सही तपासायची उघड किल्ली. मग खोटी की बनवणं कुणाच्या आवाक्यात राहत नाही. पण ज्याला उद्योगच करायचा आहे तो की बनवतच नाही, तपासणी करणारी ओळच काढून टाकतो. तोवर मी सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेटवर नेलं होतं, आणि डॉटनेटची तयार फाइलही उलगडून वाचता येते. आतली नावं विस्कटून टाकणारी साधनं वापरली की वाचणाऱ्याचा वेळ जातो, इतकाच त्यांचा फायदा.

हे असं चालू असताना तासगावहून फोन आला. पट्टीवर गावाचं नाव छापताना अक्षरं तुटतात, अशी तक्रार. आवाज ओळखीचा नव्हता, दुकानाचं नाव माझ्या यादीत नव्हतं. मी म्हटलं, "शेठ, स्क्रीनवर वर कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचा बरं." त्यांनी सांगलीतल्या दुसऱ्याच एका पेढीचं नाव वाचून दाखवलं. मग जरा थांबून म्हणाले, "म्हंजे हे आमच्या नावावर न्हाई व्हय?"

त्यांनी पैसे मोजले होते. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एकानं नवीन मशीन बसवताना माझं सॉफ्टवेअर, तपासणीची ओळ काढून, टाकून दिलं होतं आणि वर तीन हजार घेतले होते. सांगलीतल्या त्या पेढीचा कॉम्प्युटर त्याच्याकडं दुरुस्तीला आला असताना त्यानं अख्ख्या डिस्कची नक्कल काढून ठेवली होती. तासगावचे शेठ माझ्याकडं सर्व्हिस मागायला आले होते आणि त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबर होतं. माल घेतला, बिघडला, तर बनवणाऱ्याला फोन करायचा.

शोध घेत गेले तसे आणखी काही निघाले. माझ्याच एका जुन्या गिऱ्हाइकानं धाकट्या भावाच्या दुकानात कॉपी टाकली होती. विचारलं तर म्हणाले, "बॅकअप हाय तो मॅडम, कायद्यात बसतंय." हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे, पण अर्धं खरं होतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला हरवणं-बिघडणं यांपासून संरक्षण म्हणून जादा प्रत काढून ठेवायची मुभा आहे. ती प्रत भावाच्या दुकानात रोज पट्ट्या छापायला लागली की तिचं बॅकअपपण संपतं. मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, "भाऊ आन् मी एकच की." यार्डात हे वाक्य फार ऐकायला मिळतं, आणि वाटणीच्या दाव्यात ते दोघंच एकमेकांविरुद्ध उभे असतात.

बिल गेट्सनं १९७६ साली हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उद्देशून एक उघडं पत्र लिहिलं होतं. आल्टेअर नावाच्या मशीनसाठी आम्ही बेसिक हे प्रोग्राम लिहायचं साधन बनवलं, तुमच्यापैकी बहुतेक जण ते चोरून वापरता, अशी त्यात तक्रार होती. तेव्हा त्याची कंपनी अगदी लहान होती. मी ते पत्र रागाच्या भरात शोधून वाचलं आणि मग गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकायला लिहिलेला माझा लांबलचक मेसेज पुसून टाकला. सूर तोच होता, आणि त्या पत्रानं कॉप्या थांबल्या नव्हत्या हे सगळ्यांना माहीत आहे. बीएसए ही सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना आहे, तिच्या २०१८ च्या पाहणीप्रमाणे २०१७ साली भारतात कॉम्प्युटरवर घातलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना होतं, जगाचा आकडा ३७ होता. कंपन्यांनीच काढलेला आकडा म्हणून कुणाला तो फुगवलेला वाटत असेल तर मी त्याला एक दिवस माझ्याबरोबर दुकानं फिरवून आणते. माझं सॉफ्टवेअर ज्या विंडोजवर चालतं ते विंडोज तरी कुठं बिलाचं आहे?

शेवटी विजयनगरच्या कोर्टात काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडं गेले. त्यांनी आधी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि मग कायदा समोर मांडला. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृती म्हणून मोडतो. हक्क कोड लिहिला त्या क्षणापासून आहे, नोंदणीची सक्ती नाही. कॉपी विकणाऱ्याला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. कुलूप तोडणं हा स्वतंत्र गुन्हा, कलम ६५अ, २०१२ साली कायद्यात आलेलं. आणि माहीत असून बेकायदा प्रत वापरणाऱ्यासाठी ६३ब, त्यात कमीत कमी सात दिवस कैद आणि पन्नास हजार दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण अडत दुकान म्हणजे धंदाच.

मी गप्प झाले. तासगावच्या शेठना सात दिवस आत घालायला मी आले नव्हते. वकीलबाई म्हणाल्या, "घालू नका. पण तुम्ही साध्या नोटिशीपुरतं जरी पुढं गेलात तरी समोरचा पहिला प्रश्न विचारणार, हे तुमचंच कशावरून? त्याला काय दाखवाल?" माझ्याकडं दाखवायला बाबांची वही होती आणि वर्षानुवर्षांच्या बॅकअपच्या सीड्या. म्हणून नोंदणी करायची ठरली.

नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. नमुना १४, सोबत तपशिलाचं पत्रक आणि पुढील तपशिलाचं पत्रक. साहित्यकृतीची फी ५०० रुपये. एजंट याचे भरमसाट पैसे घेतात, पण अर्ज आपला आपल्याला भरण्यासारखा आहे. फी भरली की डायरी नंबर मिळतो, आणि कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्यासाठी तीस दिवस थांबावं लागतं. मग दिल्लीत द्वारकेच्या कार्यालयात परीक्षक कागद तपासतो, काही कमी असेल तर पत्र येतं. कोडच्या बाबतीत २०१३ च्या नियमांत सोर्स कोड (आपण लिहिलेला) आणि ऑब्जेक्ट कोड (त्यापासून मशीनसाठी तयार झालेला) दोन्ही द्यायची अट होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं पुरतात, सगळा कोड वीस पानांपेक्षा कमी असेल तर पूर्ण द्यायचा. अट एकच, कुठलाही भाग काळा करून झाकायचा नाही.

मी प्रोजेक्टमध्ये फाइली ज्या क्रमानं होत्या त्याच क्रमानं कोड छापला. शेवटच्या दहा पानांत नेमकी हमालीची फाइल आली. सगळ्या सॉफ्टवेअरमधली सर्वांत घासूनपुसून लिहिलेली तीच. मनात आलं, क्रम जरा इकडंतिकडं करावा. वकीलबाई म्हणाल्या, "हमालीचे दर यार्डातल्या कुणाही हमालाला पाठ असतात. तुम्ही लपवताय कुणापासून?" पहिल्या दहा पानांत माझ्या जुन्या टिपा होत्या. 'इथे चाळीस पैशांचा फरक येतोय, बाबांना विचारणे.' 'शेठ म्हणतात पोत्याचं वजन वजा करू नको, बाबा म्हणतात कर.' त्याही तशाच दिल्लीला गेल्या.

खरी गुंतागुंत लेखकाच्या रकान्यात होती. सॉफ्टवेअर माझं, पण सगळा कोड मी लिहिलेला नाही. २०१८ च्या एप्रिलपासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) सक्तीचं झालं तेव्हा एकटीला झेपेना म्हणून मिरजेच्या एका मुलाकडून ते काम करून घेतलं होतं. पट्टी मोबाइलवर पाठवायचा भागही त्याचाच. तो माझ्याकडं नोकरीला नव्हता. काम झालं की पैसे, असा व्यवहार, आणि ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. मला वाटायचं, पैसे दिले म्हणजे कोड माझा. कायद्यात तसं नाही. कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा लेखक. नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तोवर. बाहेरून ठेक्यावर लिहून घेतलेल्या कोडला ही सवलत लागू होत नाही. हक्क हस्तांतरित करायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी करार आणि देणाऱ्याची सही लागते. त्यातही मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. थोडक्यात, मी वर्षानुवर्षं जे विकत होते त्यातला एक तुकडा कागदोपत्री मिरजेच्या त्या मुलाचा होता.

एखाद्या शहरी कंपनीत हे सगळं पहिल्याच दिवशी छापील करारात येतं. आपल्याकडं चहा पिऊन ठरतं. मला त्यात फार वाईट काही वाटत नाही, पण मग त्या चहाचा कागद करायची वेळ कधीतरी येतेच.

तो मुलगा आता हिंजवडीत नोकरीला आहे. तासगावचं प्रकरण कळल्यावर यार्डातल्या दोघातिघांनी मला त्याच्याच नावानं कान भरले होते. दुरुस्तीवाल्याचं नंतर उघड झालं म्हणून बरं. सुट्टीत तो घरी आला तेव्हा मिरजेला स्टेशनसमोर भेटलो. मी मसुदा पुढं केला. त्यानं दोनदा वाचला आणि म्हणाला, "ताई, सगळे हक्क कायमचे म्हणजे मी हा कोड परत कुठंच वापरायचा नाही? यातलं निम्मं मी माझ्या आधीच्या प्रोजेक्टमधून आणलं होतं." मला हे नवीन होतं. त्याचं बरोबरही होतं. तारीख तपासायच्या, आकडा मराठी अक्षरांत लिहायच्या, फाइल दाबून लहान करायच्या त्याच्या छोट्या छोट्या गोष्टी होत्या. प्रत्येक प्रोग्रामरकडं अशी एक पिशवी असते, आणि ती एका गिऱ्हाइकाला विकून टाकली तर तो पुढं खाणार काय?

मसुदा फिरवून घेतला. ई-वे बिल आणि पट्टी पाठवण्याचा भाग त्यानं पूर्ण माझ्या नावावर करून दिला, कायमचा आणि जगभरासाठी, ठरलेल्या रकमेच्या बदल्यात. पिशवीतल्या वस्तू त्याच्याच राहिल्या. त्या माझ्या सॉफ्टवेअरमध्ये वापरायचा, बदलायचा आणि पुढं गिऱ्हाइकाला द्यायचा परवाना मला, आणि त्याला त्या कुठंही वापरायला मोकळीक. कलम १९ मध्येच आणखी एक मेख आहे. मिळालेला हक्क वर्षाच्या आत वापरला नाही तर तो परत जातो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. वकीलबाईंनी तीही ओळ घातली. अर्जात लेखक म्हणून त्याचंही नाव गेलं आणि सोबत त्याचं ना हरकत पत्र. त्याच्या आईला हे कळलं तेव्हा त्यांना सर्वांत जास्त आनंद झाला, सरकारी कागदावर पोराचं नाव लागणार म्हणून.

कुठला कोड कुणाचा याची यादी करताना तिसरा प्रकार समोर आला, इंटरनेटवरून घेतलेला. त्याची छाननी मी नेटानं केली. दुसऱ्यानं माझं लायसन मोडलं म्हणून ओरडायचं असेल तर आपलं घर आधी झाडलेलं बरं. एमआयटी लायसनच्या लायब्ऱ्यांचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संचांचं, काम सोपं. वापरा, विका, फक्त मूळ लेखकाचं नाव आणि लायसनचा मजकूर सोबत ठेवा. एलजीपीएल या दुसऱ्या मुक्त लायसनच्या एक-दोन होत्या, त्या वेगळ्या फाइलमध्ये राहून गिऱ्हाइकाला बदलता येण्यासारख्या असल्या की चालतात. अडलं पीडीएफपाशी. पट्टी मोबाइलवर पाठवायला त्या मुलानं आयटेक्स्टशार्प हे पीडीएफ बनवणारं साधन घेतलं होतं. त्याच्या जुन्या आवृत्त्या एलजीपीएलखाली होत्या, पण पाचव्या आवृत्तीपासून ते एजीपीएलखाली गेलं. एजीपीएलचा अर्थ असा की त्यावर बांधलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत तर तुमचाही सोर्स कोड त्याच अटींवर द्या, नाहीतर कंपनीकडून व्यापारी लायसन विकत घ्या. आमच्यात पाचवी आवृत्ती होती.

व्यापारी लायसनचा दर माझ्या पट्टीच्या धंद्याला परवडणारा नव्हता. एमआयटी लायसनचं पीडीएफशार्प आणून बसवलं. ते इंग्रजीला उत्तम आहे, पण देवनागरीची जोडाक्षरं त्याला जुळवता येत नाहीत. 'कृष्णा' छापलं तर तुकडे पडायचे, पहिल्या वेलांट्या अक्षराच्या मागं जाऊन बसायच्या. आधीच्या व्यवस्थेत मोबाइलवरची पट्टी इंग्रजीतच जायची, त्यामुळं हा प्रश्न कधी आला नव्हता. आता हात घातलाच आहे तर मराठी करू असं ठरवलं. शेवटी युक्ती सापडली ती अशी की विंडोजला मराठी नीट लिहिता येतं, तेव्हा पट्टी विंडोजकडून चित्र म्हणून काढून घ्यायची आणि ते चित्र पीडीएफमध्ये डकवायचं. फाइल थोडी मोठी होते. पण शेतकऱ्याच्या मोबाइलवर आता त्याच्या भाषेत पट्टी जाते, आणि ती पाहून दोन नवीन गिऱ्हाइकं आली. फॉन्टही तपासले, तोही वेगळा परवाना असतो. एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी केलेला मुक्ता ओपन फॉन्ट लायसनखाली आहे, सॉफ्टवेअरसोबत देता येतो. तो घेतला.

परीक्षकाचं एक पत्र आलं, ना हरकत पत्रावरच्या नावाचं स्पेलिंग आणि अर्जातलं स्पेलिंग जुळत नव्हतं. ते दुरुस्त करून पाठवलं आणि यथावकाश नोंदवहीचा उतारा आला. हो, उताराच. प्रमाणपत्र म्हणतात पण ते कॉपीराइट नोंदवहीतल्या नोंदीचा उतारा असतं. बाबांनी तो हातात घेऊन सातबारासारखा वाचला, आधी नाव, मग बाकीचं. आणि त्याची किंमतही जवळपास सातबाराएवढीच आहे. नोंद आहे म्हणून कोर्ट प्रथमदर्शनी तुमचं मानतं, खोडून काढायची जबाबदारी समोरच्यावर जाते. मालकी मात्र त्या कागदानं निर्माण होत नाही.

दुरुस्तीवाल्याला नोटीस गेली. कलम ६२ प्रमाणे आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, त्यामुळं सांगली सोडायची गरज नव्हती हे त्यात मुद्दाम लिहिलं होतं. उत्तर आलं की गिऱ्हाइकानं आणून दिलेलं सॉफ्टवेअर मी फक्त मशीनवर टाकलं. शुद्ध थाप. पण विकायचं त्यानं थांबवलं, आणि मी दावा लावला नाही. वकीलबाईंना ते आवडलं नाही. यार्डात साक्ष द्यायला कोण येणार होतं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

दुकानदारांना मी नोटीस पाठवलीच नाही, जाऊन भेटले. तुमचा सगळा डेटा आहे तसा राहील, निम्म्या दरात तुमच्या नावावर करून देते, बिल मिळेल. ज्यांना जीएसटीचं क्रेडिट घेता येतं त्यांना माझ्या बिलावरचे १८ टक्के परत मिळतात हे त्यांच्या सीएकडून वदवून घेतलं, कारण माझ्यापेक्षा सीएचं ऐकतात. काहींनी लगेच केलं. बाकीचे "बघू, दिवाळीनंतर" म्हणाले.

त्यांना आणलं ते जीएसटीनं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत स्पष्ट झालं की शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर लागत नाही. आमच्या पट्टीच्या दृष्टीनं हा मोठा बदल. मग २०२५ च्या २२ सप्टेंबरला दरांचे टप्पेच बदलले. कुलूप तोडलेली कॉपी होती तिथंच गोठलेली. तिच्यात नवे दर कोण घालणार? दुरुस्तीवाल्याला ओळ काढता येत होती, लिहिता येत नव्हती. दिवाळीनंतर बघणारे दसऱ्याच्या आतच आले.

त्यानंतर मी एकरकमी विक्री बंद केली आणि वार्षिक लायसन चालू केलं. महिन्यातून एकदा इंटरनेट मिळालं की सॉफ्टवेअर माझ्या सर्व्हरवरून नव्या मुदतीची सही घेतं, महिनाभर मिळालं नाही तरी आणखी काही आठवडे चालतं. घड्याळ मागं फिरवणारे असतात, म्हणून शेवटच्या पट्टीच्या तारखेच्या मागं जाऊ देत नाही.

याला सगळ्यात तिखट विरोध तासगावच्या त्याच शेठनी केला. "आमी दरसाल भाडं का द्यायचं? उद्या तुमी दुकान बंद केलं, न्हाईतर तुमचं काय बरंवाईट झालं, तर माझ्या इतक्या वर्षांच्या पट्ट्यांचं काय?" अपशकुनी बोलल्याबद्दल मुनिमानं त्यांना डोळे मोठे करून पाहिलं. पण प्रश्न रास्त होता. मोठमोठ्या कंपन्यांच्या करारात याचं नीट उत्तर नसतं. मी करारात दोन कलमं वाढवली. डेटा दुकानाचा, तो कधीही एक्सेलमध्ये काढून घेता येईल. आणि मुदत संपली तर फक्त नवीन पट्टी बंद होईल, जुन्या पाहणं, शोधणं, छापणं कायम चालू राहील. सोर्स कोडची एक प्रत सीलबंद वकीलबाईंकडं आहे, मी काम सोडलं तर ती मिरजेच्या मुलाकडं जाईल आणि चालू गिऱ्हाइकांचं काम तो पाहील, असंही लिहून ठेवलं. त्याला विचारून, अर्थात.

शेठनी ते कलम मुनिमाकडून मोठ्यानं वाचून घेतलं, सही केली, एक वर्षाचे पैसे भरले. पुढच्या वर्षी भरले नाहीत. जुन्या पट्ट्या ते सॉफ्टवेअरमध्ये शोधतात आणि नव्या हातानं लिहितात. करारात बसतं. परवा फोन आला होता, जुनी पट्टी शोधताना स्क्रीनवरची अक्षरं बारीक दिसतात म्हणून. मी मोठी करून दिली.